तिसरा गिअर सुटतो: १९६८च्या कॅमारोतल्या शिफ्टरचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे. मालकाची ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. गाडी १९६८ची शेवरोले कॅमारो, ३२७ घन इंचाचं व्ही-८ इंजिन, चार गिअरचा मन्सी एम-२० गिअरबॉक्स (मन्सी म्हणजे जनरल मोटर्सचाच गिअरबॉक्स). मी या कामात तिसऱ्या आठवड्यात शिरलो. त्याआधीच्या दोन आठवड्यांत काय झालं ते मालकाने आणि त्याच्या मित्राने सांगितलं, आणि बरंचसं गाडीखाली आडवं पडल्यावर स्वतःच दिसलं.

## पार्श्वभूमी

१९६७ आणि १९६८च्या कॅमारोत चार गिअरच्या गाड्यांना कारखान्यातून मन्सीचाच शिफ्टर, म्हणजे गिअरची दांडी आणि तिच्याखालची यंत्रणा, येई. हर्स्ट या शिफ्टर बनवणाऱ्या कंपनीचा शिफ्टर कॅमारोत कारखान्यातून यायला लागला तो १९६९ पासून. जनरल मोटर्सच्याच पॉन्टिअकने मात्र १९६४च्या जीटीओ गाडीतच तो देऊन टाकला होता. त्यामुळे ६८च्या गाडीचा जुना शिफ्टर झिजला की बहुतेक मालक हर्स्टचा कॉम्पिटिशन प्लस शोधतात. या मालकानेही तेच केलं. जुन्या शिफ्टरची दांडी न्यूट्रलमध्येही ताकातल्या रवीसारखी फिरत होती, बुश, म्हणजे सांध्यांतली अस्तरं, पार गेले होते.

नवा म्हणजे वापरलेलाच शिफ्टर मिळाला. सोबत शिफ्टरला गिअरबॉक्सशी जोडणारे तीन रॉड, दांडी आणि पिशवीभर क्लिपा. बसवण्याचं माहितीपत्रक नव्हतं. मालक आणि मित्र दोघेही हाताने काम करणारे, घाबरणारे नव्हेत. दोन दिवसांत त्यांनी तो बसवलाही.

गिअरबॉक्स ओळखण्यात त्यांची चूक झाली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं, कारण पुष्कळ जण तिथेच फसतात. मन्सीच्या डाव्या बाजूच्या साइड कव्हरला सात बोल्ट असतात आणि त्यावर दोनच आर्म, म्हणजे गिअर पाडणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या, असतात. पुढचा तिसऱ्या-चौथ्याचा, मागचा पहिल्या-दुसऱ्याचा. रिव्हर्सचा आर्म वेगळा, मागच्या शेपटीवर. बोर्ग-वॉर्नरच्या टी-१०ची मांडणी तशीच, पण कव्हरला नऊ बोल्ट. सॅगिनॉच्या चार गिअरच्या गिअरबॉक्समध्ये तिन्ही आर्म साइड कव्हरवरच. शिफ्टर एक असला तरी त्याची बसवणपट्टी, रॉड आणि आर्म गिअरबॉक्सप्रमाणे आणि गाडीप्रमाणे बदलतात. म्हणून वापरलेला संच घेताना बोल्ट मोजणं हे पहिलं काम.

## अडचण

गाडी उभी, इंजिन बंद, तेव्हा सगळे गिअर पडत होते. दांडीला छान, कडक ठोका होता. मालक खूश.

रस्त्यावर गेल्यावर तीन तक्रारी निघाल्या. तिसऱ्या गिअरमध्ये पाय ॲक्सिलरेटरवरून काढला की गिअर सुटायचा आणि दांडी न्यूट्रलला यायची. दुसरा जड जायचा. आणि कधीकधी, पहिल्या-दुसऱ्याच्या बाजूने तिसऱ्याकडे येताना दांडी मधेच अडकायची, जणू पुढे भिंत. थोडी हलवाहलव केली की मोकळी व्हायची. चौथा मात्र निर्दोष.

दोघांनी यावर जे उपाय केले त्यांनी प्रकरण गुंतत गेलं. गिअर सुटतो म्हणजे कुठेतरी ढिलाई आहे असं धरून त्यांनी नायलॉनचे बुश काढून स्टीलचे घातले. फरक पडला नाही, फक्त इंजिन मिनिटाला बाराशे-पंधराशे फेरे घेताना दांडी झणझणायला लागली. मग दांडी खूप पुढे जाते असं वाटून मित्राने शिफ्टरचा पुढचा स्टॉप बोल्ट, म्हणजे दांडीला पुढे अडवणारा बोल्ट, आणखी आत घेतला. दांडीचा ठोका अजून कडक झाला आणि तिसरा अजून लवकर सुटायला लागला.

हा कडक ठोकाच त्यांना फसवत होता. दांडी स्टॉप बोल्टवर आदळली की हाताला गिअर पडल्यासारखाच वाटतो.

## समोर असलेले पर्याय

मी पोचलो तेव्हा मालकाचं जवळजवळ ठरलं होतं.

"अरे, गिअरबॉक्सच उतरवू. तिसऱ्याचा सिंक्रो गेलाय, नाहीतर फोर्क वाकलाय."

हे अशक्य नव्हतं. सिंक्रो गिअर पडताना वेग जुळवतो, आणि फोर्क हा त्याला सरकवणारा आतला काटा. झिजलेला फोर्क, गोल झालेले दात, कव्हरमधली झिजलेली खाच, सगळ्यांनी गिअर सुटतो. पण जुन्या शिफ्टरवर तिसरा कधी सुटला होता का, असं विचारल्यावर तो थोडा थांबून म्हणाला, "नाही रे, तेव्हा नुसता डुगडुगायचा." दोन आठवड्यांत आतला फोर्क वाकला आणि नेमका त्याच वेळी नवा शिफ्टर बसला, हा योगायोग मला पटेना.

दुसरा पर्याय जुना शिफ्टर परत लावून बघण्याचा. निदान म्हणून हा वाईट नव्हता, पण त्याचे बुश इतके गेलेले की त्यावरून काही ठरवणं कठीण.

तिसरा, साइड कव्हर उघडून बघायचं. मन्सीत ते गाडीखालूनच, गिअरबॉक्स न उतरवता होतं. तेल काढायचं, सात बोल्ट, नवं गॅस्केट. मोह होता.

चौथा, सगळं सोडून शून्यापासून जुळवणी. याला लागतात चार तास आणि एक पिन. मी यावर अडून बसलो, कारण बाकी तिन्ही पर्यायांच्या शेवटी हीच जुळवणी करावी लागणार होती. गिअरबॉक्स उघडून बंद केला तरी रॉड चुकीच्याच लांबीचे राहिले असते.

## काय केलं

आधी क्लच. क्लच पूर्ण सुटत नसेल तर रॉड कितीही जुळवा, गिअर जडच जाणार. पेडलला बोटाने दाबून मोकळा खेळ मोजला, साधारण २५ मिमी, ठीक. मग इंजिन चालू, न्यूट्रल, क्लच तळापर्यंत, पाच-सहा सेकंद थांबून रिव्हर्स टाकला. मन्सीच्या रिव्हर्सला सिंक्रो नाही, त्यामुळे क्लच जरा जरी ओढत असेल तर तो करकरून सांगतो. आवाज आला नाही. क्लच यादीतून बाद.

गाडी चार जॅक स्टँडवर घेतली, मागची चाकं मोकळी. तिन्ही रॉड आर्मवरून काढले. आता शिफ्टर आणि गिअरबॉक्स एकमेकांपासून सुटे. या क्षणानंतर प्रत्येकाची वेगळी चौकशी करता येते, आणि माझ्या मते सगळ्या प्रकरणातलं हे सर्वांत उपयोगी पाऊल होतं.

तिसऱ्या-चौथ्याचा आर्म हाताने फिरवला. मधे न्यूट्रलची खाच स्पष्ट लागली. एका बाजूला चौथा, दुसऱ्या बाजूला तिसरा. तिसरा पहिल्या प्रयत्नात पडला नाही, दात समोरासमोर आले होते. मालकाने मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट हाताने थोडा फिरवला आणि टकदिशी आत गेला. इथे अनेक जण घाबरून आर्मला पाना लावून ढकलतात. तसं करू नये, शाफ्ट फिरवावा. आर्म तिसऱ्यात जिथे थांबला तिथे कव्हरवर खडूने रेघ मारली. चौथ्यालाही मारली. न्यूट्रलपासून दोन्ही रेघा जवळपास सारख्या अंतरावर आल्या.

मग जुळवणीला हात न लावता रॉड होता तसाच परत जोडला आणि मालकाला वर बसवून म्हटलं, "तिसरा टाक, दाबून धर." आर्म रेघेच्या चार मिमी अलीकडेच थांबला. "गेला?" मी खालून विचारलं. "गेला की! ठोका लागला ना." मग त्याला खाली बोलावून रेघ दाखवली. गिअरबॉक्स उतरवण्याचा विषय तिथे संपला.

हे चार मिमी दोन ठिकाणांहून आले होते.

एक रॉडमधून. हर्स्टच्या शिफ्टरच्या अंगात एक भोक असतं. तिन्ही लिव्हर न्यूट्रलला आले की ते आरपार एका रेषेत येतं आणि त्यातून पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमीची पिन जाते. पिन आत असताना प्रत्येक रॉडच्या टोकाची आटेवाली गुंडी इतकी फिरवायची की ती आर्मच्या भोकात आपोआप, ना ढकलता ना ओढता बसावी. या दोघांनी पिनेऐवजी ६ मिमीचं ड्रिल वापरलं होतं. हाताशी तेच होतं. ड्रिल आणि भोक यांच्यात राहिलेली, मिलिमीटरच्या एक तृतीयांशाहून थोडी जास्त फट ऐकायला क्षुल्लक, पण त्या मोकळीकीमुळे लिव्हर एकीकडे कललेला असतानाही ड्रिल आत जात होतं. त्यात भर म्हणजे गुंडी भोकात बसत नव्हती तेव्हा मित्राने रॉड थोडा ओढून बसवला होता. योग्य जाडीची पिन घालून बघितलं तर तिसऱ्या-चौथ्याचा रॉड दीड फेरा लांब. रॉड लांब झाला की आर्मचा प्रवास एका बाजूला वाढतो, दुसऱ्या बाजूला तेवढाच घटतो. म्हणून चौथा निर्दोष आणि तिसरा अर्धवट.

दुसरं, स्टॉप बोल्ट. ते असतात कशासाठी, हे समजलं की ते कधी लावायचे तेही कळतं. चालकाने जोरात गिअर ओढला की तो जोर आतल्या फोर्कवर जाऊ नये, शिफ्टरच्या अंगावर थांबावा, एवढंच त्यांचं काम. गिअर पूर्ण पडल्यानंतर थांबवणारे ते राखणदार आहेत. इथे पुढचा बोल्ट गिअर पडण्याआधीच दांडीला अडवत होता.

क्रम असा ठेवला. दोन्ही स्टॉप बोल्ट पार सैल, दोन-चार आटे अडकलेले राहतील इतके. पिन आत. तिन्ही रॉडच्या गुंड्या जुळवल्या, क्लिपा लावल्या. पिन काढून पुन्हा घातली, बोटाने, सहज गेली. मग तिसऱ्यात दांडी पुढे दाबून धरायची, पुढचा बोल्ट टेकेपर्यंत आत घ्यायचा, दांडी सोडायची, बोल्ट एक फेरा मागे आणून चेकनट आवळायचा. चौथ्यासाठी मागचा बोल्ट तसाच. पहिल्याला आणि तिसऱ्याला पुढचा स्टॉप एकच, दुसऱ्याला आणि चौथ्याला मागचा एकच, म्हणून नंतर पहिला आणि दुसराही खडूच्या रेघेवर तपासले. हे तपासणं सहसा राहून जातं.

मधेच अडकणाऱ्या दांडीचं कोडंही याच कामात सुटलं. पहिल्या-दुसऱ्याचा रॉडही थोडा चुकला होता, त्यामुळे दांडी न्यूट्रलला आली तरी तो आर्म मधल्या खाचेत पुरता येत नव्हता. दोन गिअर एकदम पडू नयेत म्हणून कव्हरच्या आत अडसर असतो. एक आर्म मधोमध नसेल तर तो दुसऱ्याला हलू देत नाही. भिंत होती ती हीच, आणि ती आपलं काम चोख करत होती.

दुसरा जड का, ते डोळ्यांनीच दिसलं. दुसऱ्यात जाताना तो रॉड एक्झॉस्टच्या पाइपला घासत होता, घासलेल्या जागी चकाकी आली होती. मित्र म्हणाला, "रॉड जरा वाकवतो." नको म्हटलं. वाकवलेल्या रॉडची लांबी बदलते, तो दाबाखाली लवचीकही होतो. पाइपची क्लॅम्प सैल करून पाइप थोडा फिरवला, बोटभर जागा झाली.

स्टीलचे बुश काढून परत नायलॉनचे घातले. रस्त्यावरच्या गाडीला तेच बरे.

## पहिली चाचणी, आणि राहिलेला दोष

गाडी बाहेर काढली. दुसरा लोण्यासारखा. पाय काढल्यावर तिसरा राहिला. मालकाच्या चेहऱ्यावर हसू. मग त्याने तिसऱ्यात जोरात ॲक्सिलरेटर दाबला आणि गिअर सुटला.

खरं सांगायचं तर त्या क्षणी मलाही वाटलं, गिअरबॉक्स उतरवावाच लागणार. पण लक्षण बदललं होतं. आधी पाय काढल्यावर सुटायचा, आता फक्त पूर्ण जोर दिल्यावर. लक्षण बदललं की कारणही वेगळं धरून चालावं.

परत आल्यावर दांडीचा रबरी बूट काढला. गिअरबॉक्सवरच्या पत्र्याच्या बोगद्याला दांडीसाठी असलेल्या भोकाच्या पुढच्या उजव्या कोपऱ्यात पत्रा ताजा घासलेला, आणि दांडीच्या क्रोमवर त्याच उंचीला ओरखडा. भोक जुन्या शिफ्टरचं होतं, नवी दांडी त्यात जेमतेम मावत होती. तरी उभ्या गाडीत कोपऱ्यापासून सहज बोट जाईल इतकी जागा होती. म्हणजे जोर दिल्यावर दांडी उजवीकडे सरकते. शिफ्टर गिअरबॉक्सला बोल्टने जखडलेला. दांडी सरकते म्हणजे अख्खं इंजिन आणि गिअरबॉक्स कलतं.

इंजिनाला गाडीशी धरून ठेवणाऱ्या डाव्या रबरी माउंटखाली पहार घालून हलकेच उचललं आणि रबर पत्र्यापासून वेगळं होताना स्पष्ट दिसलं. त्या काळच्या शेवरोलेंत ही जुनीच दुखरी जागा. जोर दिला की इंजिनाची डावी बाजू वर उचलली जाते, आणि माउंटचं रबर सुटलं तर तिला अडवायला काही राहत नाही. १९७१च्या डिसेंबरात जनरल मोटर्सने यासाठीच सुमारे ६७ लाख गाड्या परत बोलावल्या होत्या, त्यांत या पिढीच्या कॅमारोही होत्या. उपाय म्हणून इंजिनाला वर उचलू न देणारी केबल लावून देत. या गाडीला ती केबल नव्हती, किंवा कधीतरी काढली गेली होती.

तिसरा गिअर उजवीकडे पुढे. म्हणजे दांडी आधीच त्या कोपऱ्याजवळ, त्यात इंजिन उचललं गेलं की ती कोपऱ्यावर टेकायची, कोपऱ्याची गोलाई तिला मागे ढकलायची. जुन्या शिफ्टरच्या झिजलेल्या दांडीत इतकी ढिलाई होती की हा धक्का तिने पचवला असणार.

दोन्ही माउंट बदलले, आतून एकमेकांत अडकणारे, रबर फाटलं तरी वेगळे न होणारे घेतले. भोकाचा तो कोपरा कानशीने बोटभर मोठा केला आणि उघड्या पत्र्याला रंग मारला.

## निष्पत्ती

त्यानंतर तिसरा सुटलेला नाही. कामाला एकूण तीन सुट्ट्या गेल्या, त्यातली पहिली चुका शोधण्यात आणि दुसरी माउंटमध्ये. गिअरबॉक्स उघडला नाही. तेल बदललं तेव्हा जीएल-४ दर्जाचं घातलं, कारण जुन्या पितळी सिंक्रोंना जीएल-५ची गंधकयुक्त रसायनं मानवतीलच असं नाही. काढलेल्या तेलात पितळेची बारीक चमक होती, या वयाच्या गिअरबॉक्सला काळजी करण्याजोगी नव्हती.

एक गोष्ट राहिली. गाडी गार असताना चौथ्यातून तिसऱ्यात घाईने उतरलं तर किंचित करकर येते. पंधरा दिवस अर्धवट पडलेल्या गिअरने दातांच्या कडा थोड्या खाल्ल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. मालकाने साइड कव्हर उघडायचं ठरवलंय, पण सध्या तो आधी गाडी गरम करतो.

## पुन्हा करायचं झालं तर

जुना शिफ्टर काढण्याआधीच कव्हरवर खडूच्या रेघा मारायला हव्या होत्या. मग नवा बसवल्यावर पहिल्याच दिवशी चार मिमीचा फरक दिसला असता. आणि स्टील बुश घालायची वेळच आली नसती.

ड्रिलच्या बाबतीत मला मित्राला दोष द्यावासा वाटत नाही. माहितीपत्रक नसताना भोकात काहीतरी घालायचं असतं एवढं तरी त्याला कळलं होतं. पण इंचातल्या गाडीवर मिलिमीटरचं हत्यार, ही गफलत या छंदात दर आठवड्याला होते. ड्रिल वापरायचंच तर पाव इंची वापरावं, आणि त्याचाही दांडाच आत घालावा, धारेचा भाग नव्हे.

माझीही एक चूक. जॅक स्टँडवर गाडी होती, मी माउंटच्या हातभर अंतरावर दोन तास पडून होतो, आणि पहार घालून बघितलं नाही. शिफ्टरचं काम म्हणून शिफ्टरकडेच बघत राहिलो. आता शिफ्टर बसवण्याआधी मी दोन्ही माउंट, मागचा गिअरबॉक्सचा माउंट आणि दांडीचे दोन बोल्ट तपासतो. पाच मिनिटं लागतात.

आणखी एक, या गाडीला लागू नसलेलं. १९६९ पासून पुढची काही वर्षं जनरल मोटर्सच्या गाड्यांत किल्ली काढायला गिअर रिव्हर्समध्ये असावा लागे, आणि त्यासाठी रिव्हर्सच्या आर्मपासून स्टीअरिंग कॉलमपर्यंत एक वेगळा रॉड जाई. ६९ची किंवा त्यापुढच्या त्या वर्षांतली गाडी असेल तर शिफ्टर बदलताना तो रॉड काढून बाजूला ठेवला जातो आणि परत लावायचा राहून जातो. मग नवा शिफ्टर झकास चालतो, आणि किल्ली निघत नाही.